नोकरी सोडून पाट्यांचा धंदा: सांगली-मिरजेत जमेल का?

कुपवाडकर

राम राम मंडळी. कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. पगार वेळेवर होतो, साहेब बरे आहेत, तक्रार अशी काही नाही. पण मधल्या काळात कंपनीतल्या सगळ्या पाट्या माझ्याच गळ्यात पडल्या. रॅकचे नंबर, मशिनवरची लेबलं, 'हेल्मेट वापरा', ऑडिटच्या आदल्या रात्री हमखास लागणारे फाइव्ह-एसचे (कामाच्या जागी टापटीप ठेवण्याच्या नियमांचे) बोर्ड. त्या नादात कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) शिकलो, रविवारी मित्राच्या दुकानातल्या प्लॉटरवर (व्हिनाईल कापायच्या मशिनवर) कटिंग करायला लागलो. आता शेजारच्या कंपन्यांतले लोकही विचारायला लागलेत.

तर नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं असं डोक्यात आहे. जवळ सात-आठ लाख आहेत. मित्र म्हणतो, दहा फुटी फ्लेक्स मशिन टाक. बायको म्हणते, लेझर घ्या. सासरे म्हणतात, गप नोकरी करा. मोटिव्हेशनचे डोस नकोत, ते यूट्यूबवर फुकट मिळतात. या धंद्यातल्यांनी खाचाखोचा सांगा. मशिन कुठली, जागा कुठे आणि उधारी कशी सांभाळता?

फ्लेक्सनाना

कराडात दहा फुटी मशिन चालवतो, म्हणून बोलतो. तुमच्या मित्राला नमस्कार सांगा आणि त्याची स्वतःची मशिन विकायला काढली आहे का, तेही हळूच विचारून घ्या.

फ्लेक्सचा भाव स्क्वेअर फुटावर ठरतो आणि भांडण आठ आण्यांवरून होतं. आमच्या गावात पूर्वी दोन मशिनी होत्या, आता प्रत्येक रस्त्याला एक आहे. मीडिया (ज्यावर छापायचं ते), शाई, लाइट बिल, पोरांचे पगार वजा जाता हातात राहतात ते दोन-तीन रुपये. तेही पैसे आले तर. एक हेड (शाई फवारणारा भाग) गेलं की मॉडेलप्रमाणे पन्नास हजार ते लाखाला फोडणी. मशिन बंद ठेवावी तर शाई सुकून नॉझल जातात, चालू ठेवावी तर काम नाही.

आणि काम कसलं? भाऊंचा वाढदिवस. वर सहा नेते, खाली तीस-चाळीस शुभेच्छुक, प्रत्येकाचा फोटो वॉट्सअॅपवरून आलेला, चेहरा ओळखू येत नाही. 'माझा फोटो त्याच्यापेक्षा लहान का' म्हणून रात्री अकराला फोन. बॅनर लागतो, केक कापला जातो, बॅनर उतरतो, बिल आपल्याकडेच. पुढच्या वर्षी भाऊंचा वाढदिवस पुन्हा येतो आणि मागचं मागितलं तर आपणच विरोधी पार्टीचे.

निवडणुकीत काम मिळतं, पण तिथेही डोळे उघडे ठेवा. प्रचाराच्या छापील साहित्यावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकावा लागतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-ए. नाही टाकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कार्यकर्ता म्हणतो, 'नाव नको, जागा जाते.' जागा त्याची जाते, आत आपण जातो. शहर विद्रुपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे तो वेगळा.

लेझरताई

पुण्यात घराखालच्या गॅरेजमध्ये लेझर आहे माझं. फ्लॅटच्या नेमप्लेट, ऑफिसच्या आतल्या पाट्या, ट्रॉफ्या. बँकेतली नोकरी सोडून आले, त्यामुळे तुमच्या घरातली चर्चा मला तोंडपाठ आहे.

बायको बरोबर म्हणते, पण अर्धंच. आवाज कमी, वास नाही असं मुळीच नाही. अॅक्रिलिक जळल्याचा वास शेजाऱ्यांच्या डाळीत उतरतो. एक्झॉस्ट छतापर्यंत नेलात तरच सोसायटीत नांदाल. १३०० बाय ९०० मिलिमीटर बेडची शंभर वॉटची मशिन घेतलीत तर मशिनच्या किमतीवर चिलर, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर आणि एक जादा ट्यूब धरा. ट्यूब ही संपणारी वस्तू आहे, बल्बासारखी, आणि ती बरोब्बर गणपतीच्या आदल्या आठवड्यात संपते.

सगळ्यात महत्त्वाचं: लेझरवर पीव्हीसी कापायचं नाही. सनबोर्ड, व्हिनाईल, काहीच नाही. पीव्हीसी जळलं की क्लोरीनचा आम्ल वायू सुटतो. फुप्फुसाला वाईट, आणि मशिनचे रेल, लेन्स, बेअरिंग सगळं गंजतं. गिऱ्हाईक 'एवढा एक तुकडा कापून द्या' म्हणतं, तेव्हा हात जोडायचे. सनबोर्ड राउटरवर (फिरत्या पात्याच्या मशिनवर) कापतात. एसीपीलाही (दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमचा पत्रा असलेल्या शीटलाही) राउटरच लागतो. म्हणजे दुकानांचे बाहेरचे बोर्ड करायचे असतील तर एकट्या लेझरनं भागत नाही, आणि लेझर + राउटर तुमच्या सात-आठ लाखांत बसवलंत तर मालाला पैसा उरत नाही. कटिंग बाहेरून करून घ्या. सांगली-कोल्हापुरात जॉबवर्क करणारे भरपूर आहेत.

आडमुठा

म्हणजे मशिन घेऊच नका म्हणताय. मग धंदा कसला, दलाली झाली.

लेझरताई

@आडमुठा, गिऱ्हाईक पाटीचे पैसे देतं, ती कोणाच्या मशिनवर कापली याचे नाही. डिझाइन, माप, फिटिंग, जबाबदारी तुमची. पाया तोच आहे. हप्ता चालू असलेली मशिन रिकामी बसली की माणूस कुठल्याही भावाला काम घेतो आणि बाजार बिघडवतो.

ब्रशवाला

वडील पेंटर होते. एनॅमल, जवसाचं तेल, खारीच्या केसांचे ब्रश. ट्रकमागचे 'हॉर्न ओके प्लीज' ते शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं केलं. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम दोन-तीन वर्षांत आटपलं. मी रेडियम कटिंगला लागलो, तर नंबरप्लेटचं काम एचएसआरपीनं (सक्तीच्या सुरक्षा नंबरप्लेटनं) नेलं. त्यामुळे एकाच तऱ्हेच्या कामावर घर चालवू नका, एवढं सांगायचा हक्क माझा आहे.

पण मला बोलायचंय ते अक्षरांबद्दल. इंग्रजीवाल्यांचं सोपं, अक्षरं सुटी. आपली शिरोरेखा अख्खा शब्द एकत्र बांधते. 'महालक्ष्मी' असा शब्द उठावाच्या लाइटच्या अक्षरात करायचा म्हणजे तो एकच लांब डबा होतो. शीट आठ बाय चार, शब्द दहा फूट, मग जोड कुठे घ्यायचा? नवखे मध्येच कुठेतरी घेतात आणि रात्री लाइट लागला की शिरोरेखेवर काळी फट दिसते. जोड नेहमी काना जिथे शिरोरेखेला भेटतो तिथे घ्यावा, नजर तिथे अडत नाही.

अनुस्वार, ऑचा चंद्र, नुक्ता हे सुटे तुकडे. 'हॉस्पिटल'वरचा चंद्र निव्वळ टेपवर चिकटवला की पहिल्या वळवात तो उडतो आणि 'हास्पिटल' उरतं. प्रत्येक सुट्या तुकड्याला मागून दोन स्टड (स्क्रूच्या दांड्या) हवेतच. आणि उकार, ऋकार, रफार यांची जाडी बघून फाँट निवडायचा. एलईडी मॉड्यूल दीड-दोन सेंटीमीटर रुंद. उकाराच्या शेपटीत ते बसत नाही, मग शब्द उजळतो आणि उकार अंधारात. 'गुरुकृपा' लिहिलेली एक पाटी आमच्या भागात रात्री 'गरकपा' वाचायला मिळते.

फाँटचंही सांगतो. बरीच दुकानं अजून श्रीलिपीच्या जुन्या फाँटवर आहेत. गिऱ्हाईक मोबाइलवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवतं, तो रूपांतर करताना जोडाक्षरं फुटतात. 'मुक्त', 'बालू' हे एक टाइपचे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, जाड वजनात मिळतात, पाटीला चालतात. लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला 'यात्रा वन' पण बघा. चोरीचा फाँट वापरून मोठ्या कंपनीचं काम करू नका.

कुपवाडकर

@ब्रशवाला दादा, हे कुठल्या क्लासमध्ये सांगत नाहीत. मनापासून आभार.

एक विचारतो. मराठी पाट्यांच्या सक्तीनंतर तर कामाचा पूर आला असेल ना? तो अजून चालू आहे का?

फ्लेक्सनाना

आला होता, गेला. २०२२ च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. देवनागरी अक्षर आधी हवं आणि इतर लिपीपेक्षा लहान नको. दुकानदार कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, ती २५ नोव्हेंबरला संपली. त्या दिवाळीत मुंबई-ठाण्याचे फॅब्रिकेटर झोपले नाहीत. आमच्याकडे बहुतेक पाट्या आधीच मराठी, त्यामुळे आम्हाला मोबाइलची आणि ब्रँडेड कपड्यांची दुकानं तेवढी मिळाली. कायद्याच्या धाकानं आलेलं काम एकदाच येतं.

सेफ्टीवाला

चाकणला एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. मी पाट्या विकत घेणारा माणूस, पलीकडच्या बाजूनं सांगतो.

आम्हाला पाट्या सतत लागतात आणि नीट देणारा माणूस मिळत नाही. मागवलं 'हेल्मेट वापरा' आणि आलं लाल रंगात, का तर उठून दिसतं. अहो, लाल म्हणजे मनाई. करायलाच हवं ते निळ्या गोलात, धोका पिवळ्या त्रिकोणात, बाहेर पडायची वाट आणि प्रथमोपचार हिरव्यात. आयएस ९४५७ मध्ये सगळं आहे. ऑडिटर पाटी वाचत नाही, रंग बघतो. अंधारात चमकणाऱ्या 'बाहेर' पाट्या एकानं आणून अशा बोळात लावल्या जिथे दिवसाही दिवा नसतो. त्या पाट्या आधी उजेड पितात, मग चमकतात. उजेडच नाही तर चमकणार काय? रासायनिक टाक्यांवरची लेबलं सहा महिन्यांत पांढरी पडतात, कारण लॅमिनेशन नाही. ऑइल लागणाऱ्या मशिनवर साधं व्हिनाईल टिकत नाही.

@कुपवाडकर, तुम्ही क्वालिटीचे. ड्रॉइंग वाचता, रिव्हिजन नंबर म्हणजे काय ते कळतं, पीओप्रमाणे (कंपनीच्या खरेदी-ऑर्डरप्रमाणे) माल द्यायची सवय आहे. गावातला फ्लेक्सवाला इथे कच्चा पडतो. कुपवाड, मिरज, पलूस, शिरोली, गोकुळ शिरगाव हा सगळा पट्टा तुमच्या दाराशी आहे. याला दहा फुटी मशिन लागत नाही. दोन किंवा चार फुटी प्लॉटर, कोल्ड लॅमिनेटर (पाटीवर पारदर्शक फिल्म चढवणारं मशिन), टेबल आणि दोन माणसं. छपाई बाहेरून. फक्त एकच: आमच्याकडे नव्वद दिवसांनी पैसे येतात. मी सही लगेच करतो, अकाउंट्सवाले माझं ऐकत नाहीत.

आडमुठा

हा पहिला कामाचा प्रतिसाद. तरी माझं म्हणणं राहतंच. धंदा टेबलावर होत नाही, शिडीवर होतो. फिटिंगला कोण चढणार?

माझा फॅब्रिकेशनचा शेड आहे, बोर्डवाल्यांना सांगाडे देतो, म्हणून बघितलेलं सांगतो. एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा, वेल्डिंग घासून रेड ऑक्साइडचे दोन हात. ते वाचवतात आणि दोन पावसाळ्यांत शोरूमच्या पांढऱ्या एसीपीवर गंजाचे ओघळ येतात. जुन्या विटांच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, भोक मोठं होत जातं, मग पोरगा काडेपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू मारतो. एसीपीवरची फिल्म 'मालक उद्घाटनाला काढतील' म्हणून ठेवतात. उद्घाटन पुढे जातं, उन्हानं फिल्म भाजून चिकटते, मग ती नखानं काढत बसा.

लाइटचं गणित: १.२ वॉटची ३०० मॉड्यूल म्हणजे ३६० वॉट. ४०० वॉटचा एसएमपीएस (मॉड्यूलना वीज पुरवणारं युनिट) कागदावर पुरतो, बंद डब्यात एप्रिलच्या उन्हात पुरत नाही. ८० टक्क्यांच्या वर भार टाकायचा नाही, म्हणजे निदान ४५० हवा. त्यापेक्षा २५०चे दोन लावा. एक गेला तर अर्धा बोर्ड तरी चालू राहतो.

आणि बाजारपेठेत पहिल्या मजल्याच्या उंचीवरून महावितरणच्या तारा जातात. अॅल्युमिनियमची शिडी तिथे नेऊच नका. लाकडी किंवा फायबरची. लाइन बंद करून घेतल्याशिवाय पोराला वर चढवू नका, मालक कितीही घाई करू दे. माणसाचा अपघात विमा पहिल्या दिवसापासून. घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग पडून १७ माणसं गेली. १२० बाय १२० फुटांचं उभं केलं होतं, मर्यादा होती ४० बाय ४०. तुम्ही एवढं मोठं करणार नाही, पण गच्चीवरचं काम आलं की स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय हात लावायचा नाही.

मिरजेचा_डॉक

मी गिऱ्हाईक. मिरजेत हॉस्पिटलांची संख्या तुम्हाला सांगायला नको. आमचं दुखणं असं की बोर्ड लावणारा पैसे घेऊन जातो तो परत दिसत नाही. रात्री 'आयसीयू'मधला 'आय' बंद पडला, तीन आठवडे 'सीयू' होतं. पेशंटचे नातेवाईक फोटो काढत होते. वर्षाचा देखभालीचा करार देणारा कोणी असेल तर मी जास्त पैसे मोजीन, माझे चार मित्रही मोजतील. आतल्या पाट्यांत मराठीबरोबर कन्नडही लागतं. अर्धे पेशंट सीमेपलीकडून येतात, 'एक्स-रे'चा बाण कळला नाही की ते माझ्या केबिनमध्ये शिरतात. कन्नड मजकूर मात्र वाचता येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

गणपतीपेठ

जागेचं मी बोलतो. मारुती रोड, हरभट रोडला भाडं परवडलं तरी तळमजल्याला मशिन ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलीच. आमच्या गल्लीत एकाचे व्हिनाईलचे रोल कागदासकट फुगले. दुसऱ्याच्या मशिनचं सर्किट बोर्ड वाळवून चालू केलं, ते महिनाभर चाललं आणि गेलं. तुमचं गिऱ्हाईक कंपन्या आणि हॉस्पिटलं असेल तर पेठेतलं दुकान हवंय कशाला? विश्रामबागपासून कुपवाड रस्त्यापर्यंत कुठेही गाळा बघा, टेम्पो दारात लागला म्हणजे झालं. पुराचा विमा घ्याच, आणि पॉलिसीत माल आणि मशिन दोन्ही लिहिलंय ना ते वाचा.

जमाखर्च

सीए आहे. फुकट सल्ला म्हणून घ्या, कागद मात्र आपल्या सीएला दाखवा.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, ती सरकारी पोर्टलवर मोफत आहे. पैसे मागणाऱ्या साइट खोट्या. नोंदणी करताना उत्पादन किंवा सेवा असं दाखवा, निव्वळ व्यापार नाही. कारण लघुउद्योगाचं देणं ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातलं ४३-बी (एच) लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत किंवा निदान वर्ष संपायच्या आत दिलं नाही तर खरेदीदार कंपनीला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही. व्यापाऱ्यांना हा फायदा नाही. @सेफ्टीवाला, तुमच्या अकाउंट्सवाल्यांना मार्चमध्ये याची आठवण होते, तोवर होत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा.

जीएसटीची नोंदणी नुसत्या मालाला ४० लाखांच्या आणि सेवेला २० लाखांच्या उलाढालीनंतर सक्तीची. तुमच्यात फिटिंग आलं, म्हणून २० लाख धरूनच चाला. खरं तर कंपन्यांना काम देणार असाल तर पहिल्या दिवसापासून नोंदणी घ्या, त्यांना तुमच्या बिलावरच्या कराचं क्रेडिट हवं असतं. कंपोझिशनमध्ये (लहान धंद्यांच्या सरसकट कराच्या योजनेत) गेलात तर ते मिळत नाही आणि स्टोअरवाला दुसरा व्हेंडर शोधतो. दुकान कायद्याखाली मोजकीच माणसं असतील तर ऑनलाइन सूचना पुरते.

कुपवाडकर

सगळ्यांचे आभार, डोकं बरंच जाग्यावर आलं. फ्लेक्स मशिनचा विषय मिटला. चार फुटी प्लॉटर आणि लॅमिनेटर घेऊन कंपन्यांच्या पाट्या, जोडीला मिरजेतल्या हॉस्पिटलांची देखभाल, असं ठरवतोय. @आडमुठा, सांगाडे तुमच्याकडूनच घ्यावेत म्हणतो, गाव कुठलं तुमचं?

@जमाखर्च साहेब, दोन शंका. पीएमईजीपीचं (पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेचं) अनुदान मिळेल का? आणि नोकरीत असतानाच बायकोच्या नावानं सुरू करून बघू का?

आडमुठा

जयसिंगपूर. पहिलं काम रोख.

जमाखर्च

बायकोच्या नावाचं आधी. त्या खरोखर धंदा बघणार असतील, बँकेचं खातं आणि निर्णय त्यांचे असतील तर हरकत काहीच नाही. नाव त्यांचं आणि काम सगळं तुमचं असेल तर तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा. बहुतेक पत्रांत दुसरा व्यवसाय न करण्याची अट असते. शिवाय ज्या कंपनीत तुम्ही पाट्यांची मागणी काढता त्याच कंपनीला बायकोचं बिल गेलं, तर ते उद्या अंगावर येईल. स्वतःची कंपनी सोडून बाकीच्यांना द्या, निदान राजीनाम्यापर्यंत.

पीएमईजीपी फक्त नव्या उद्योगाला आहे. आधी प्लॉटर घेऊन बिलं फाडायला लागलात की तुम्ही नवे राहत नाही. म्हणून क्रम असा: जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन योजना सध्या कोणत्या अटींवर चालू आहे ते विचारा, राज्याची तशीच योजना सीएमईजीपीही विचारा, अर्ज, मंजुरी, मग खरेदी. सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, महिलांना विशेष गटात २५ आणि ३५. पदरचे टक्केही महिलांना कमी, १० ऐवजी ५. वहिनी खरंच बघणार असतील तर अर्ज त्यांचाच करा. ही रक्कम हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहते आणि मग कर्जात वळती होते. 'अनुदानातून भाडं भरू' असं गणित मांडू नका.

आणि राजीनामा द्यायच्या आधी दोन कामं उरका. घरच्यांचा आरोग्य विमा स्वतःचा काढा. कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपतो आणि नव्या पॉलिसीत आईच्या जुन्या आजारांना थांबण्याचा काळ लागतो, तो नोकरीत असतानाच सुरू झालेला बरा. दुसरं, गृहकर्ज किंवा टॉप-अप लागणार असेल तर पगाराची स्लिप हातात असताना मंजूर करून घ्या. धंदा सुरू झाला की बँक आधी दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते.